तो राग खरा होता, दाजी

दाजी, माणूस गेला की त्याच्याशी असलेली भांडणं मिटली असं धरायचं असतं, हे तुमच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकानं मला ऐकवलं. मी मान हलवली. पण मिटवलेलं काही नाही. तुम्ही आपलं भांडण अर्ध्यावर टाकून गेलात, आणि सौदा अर्ध्यावर टाकून उठणारा माणूस मला कधी आवडला नाही. म्हणून हे लिहायला बसलोय. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होतील. त्यांवर लाल शाई फिरवायला तुम्ही नाही, तेवढी एक सोय झाली.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण कुठं झालं, नोकरी किती वर्षं केली, ते सगळं पेपरात येऊन गेलं. त्यात तुम्हाला 'मितभाषी' म्हटलंय. मी ते दोनदा वाचलं. गिऱ्हाईक समोर घोंगडी चाचपत उभं आणि तुम्ही माझ्या गादीवर मांडी घालून गावोगावच्या सोंगांवर बोलताय, बोलताय, शेवटी गिऱ्हाईकच माल ठेवून खाली बसतं आणि म्हणतं, 'मंग पुढं काय झालं मास्तर?' असे माझे किती सौदे तुम्ही बुडवलेत ते पेपरवाल्याला कुठून ठाऊक असणार.

तुम्ही अक्काशी लग्न केलंत तेव्हा मी खांद्यावर घोंगड्या टाकून गावं हिंडत होतो. दुकान नव्हतं, ओटा नव्हता, पायात जोडाही नसायचा. साल्याची चेष्टा दाजीनं करायची आणि साल्यानं ती ऐकून घ्यायची, हा आपल्याकडचा रिवाज. तुम्ही पहिल्याच दिवशी मला 'शेठ' म्हणालात आणि वर 'तुम्ही' म्हणालात. मांडवातली माणसं हसली. पोलीस ॲक्शन झाली, निजामशाही गेली, बाजार पुन्हा सुरळीत भरायला लागले, मी परभणीत गाळा घेतला, खरोखरचा शेठ झालो. तुमचा 'शेठ' म्हणण्याचा सूर मात्र मांडवातलाच राहिला. मला त्याचा राग यायचा. आता कोणी त्या सुरात म्हणत नाही.

तुम्ही पीएच.डी. करणार हे पहिल्यांदा कळलं ते अक्काच्या चुलीपुढं. ती भाकरी थापत होती, आपण दोघं ताटावर होतो. हैदराबादच्या विद्यापीठात नाव घालायचं, तिथं एम.ए.ला शिकवणारे प्राध्यापक मार्गदर्शन करायला तयार आहेत, आणि विषय म्हणजे आपल्या भागातली सोंगं, असं तुम्ही भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगितलंत. सोंगं म्हणजे आपल्या गावात जत्रेला, लळिताला, शेतकरी माणसं देव होतात, राक्षस होतात, सावकार होतात, ती. माझा घास हातात राहिला.

"दाजी, सोंगं बघायला शाळा लागती व्हय?"

"बघायला नाही लागत, शेठ. काय बघितलं ते सांगायला लागते."

अक्कानं भाकरी उलटली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की रजा मिळाली तर करा, नोकरी सोडून न्हाई. तुम्ही 'बरं' म्हणालात. पण तो 'बरं' कसला होता ते तिलाही कळलं आणि मलाही. रजा मिळाली नाही तर तुम्ही नोकरी सोडणार होतात. चार माणसांचं घर तुमच्या एका रजेवर टांगलं गेलं ते त्या रात्रीच्या जेवणापासून.

मुंबई राज्यात आपण जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. कचेऱ्यांतून उर्दू जाऊन मराठी येत होती. तुमचं सगळं शिक्षण उर्दूतून, पण मराठीचे मास्तर म्हणून तुम्हाला फार अभिमान. रजेचा अर्ज लिहिताना तुम्ही एकेक शब्द वेचून काढलात. 'दरखास्त'चं 'अर्ज' केलंत, 'रुखसत'चं 'रजा' केलंत, 'मुदर्रिस'चं 'शिक्षक' केलंत. मला वाचून दाखवलात तेव्हा मीही वा म्हणालो. एकच शब्द तुमच्या नजरेतून निसटला, कारण तो तुम्हाला मराठीच वाटला होता. माझ्याही निसटला. 'नाट्याच्या उच्च तालमीसाठी दोन वर्षांची रजा मिळावी.'

आपल्याकडं तालीम म्हणजे शिक्षण. शाळाखात्याचंच नाव तालिमात. मी चौथी उर्दू शिकलेला, मलाही दुसरा अर्थ सुचला नाही. पण परभणीला नव्यानं आलेला शिक्षणाधिकारी घाटाकडचा. त्याच्याकडं तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, नाहीतर नाटक बसवण्यासाठी करायची घोकंपट्टी. त्याचं उत्तर आलं, की शिक्षकास नाटकाच्या तालमींसाठी रजा देण्याची तरतूद नाही, शिवाय आपण परवानगीवाचून नाटकात काम करता काय, याचा खुलासा करावा.

तुम्ही वाचून हसलात. मोठ्यानं हसलात. मग 'खुलासा' या शब्दावर येऊन थांबलात. अक्का हसलीच नव्हती. नव्या राजवटीत ज्याच्याकडून खुलासा मागवतात त्याची नोकरी किती दिवस टिकते, हे शेजारच्या दोन घरांत तिनं बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. तुम्ही नको नको म्हणत मागून आलात आणि दाराबाहेर थांबलात. साहेब वाईट नव्हता, हे आज म्हणतो. त्या दिवशी तो मला दिसतच नव्हता. मी नीट सांगायला गेलो होतो, की शब्दाचा घोटाळा झालाय. त्यानं अर्ज माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, अहो, नाटकं करायची हौस आहे तर सुटीत करावीत. 'हौस' म्हणाला तो. तुमचे डोळे कंदिलापुढं वाचून लाल झालेले मी बघितले होते. अर्ज गेल्यापासून अक्का जेवताना बोलत नव्हती. आणि हा म्हणतो हौस.

"साहेब," मी म्हणालो, "ह्या कचेरीच्या दारावर परवापरवापर्यंत तालिमातची पाटी व्हती. मग तुमी बसलाव कुठं? आखाड्यात? लंगोट कुठंय तुमचा?"

कारकुनांच्या लेखण्या थांबल्या. साहेबानं आवाज खाली घ्यायला सांगितलं, मी चढवला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या घातल्या, खिशात टाकला, द्यायची न्हाई तर नका देऊ, कागद आमचा हाय, असं म्हणून पाठ फिरवली. दारात जोडे काढले होते. ते घालत असतानाच साहेबानं मागून हाक मारली, अहो, थांबा जरा. तालमीच्या जागी 'शिक्षण' असा शब्द घालून नवा अर्ज द्या, मी वर पाठवतो. खुलासा राहू द्या.

तिथंच कारकुनाच्या कोपऱ्यात बसून तुम्ही नवा अर्ज लिहिलात. आपण बाहेर लिंबाखाली आलो. माझे हात थरथरत होते, घसा सुकला होता. आणि तुमच्या तोंडावर असा उजेड, जसं काही जत्रेतलं सगळ्यात चांगलं सोंग पहिल्या रांगेत बसून बघितलंय.

"शेठ, काय सोंग आणलंत!"

"सोंग?"

"जोडे घालताना किती वेळ लावलात! त्याला हाक मारायला जागा ठेवलीत."

"जोडा नवा हाय दाजी. चावायलाय."

तुम्ही लिंबाला धरून हसलात. आपलं भांडण सुरू झालं ते इथून. मी म्हणालो, मला खराच राग आला होता. तुम्ही म्हणालात, मी कुठं खोटा म्हणालो? मी म्हणालो, सोंग म्हणालात. तुम्ही म्हणालात, सोंग म्हणजे खोटं असं कोणी सांगितलं? मी म्हणालो, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत न्हाई आणि रागाचंबी न्हाई. तुम्ही ही अर्धी म्हण अर्धी माझी भर तिथंच लिहून घेतलीत.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची होती. हे तुम्हाला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही तेही लिहून घेतलं असतं.

तुम्ही हिंडत होतात. येलदरीला धरणाचं काम सुरू होतं, तिथं कुठून कुठून आलेले मजूर आपापल्या देवांची सोंगं आणायचे, ती बघायला गेलात आणि अंगभर सिमेंटची धूळ घेऊन आलात. अक्कानं तुम्हाला अंगणात उभं करून घोंगडी झटकावी तसं झटकलं. झरीला मी तुमच्याबरोबर होतो. तिथला एक शेतकरी देवीचं सोंग आणायचा. सोंग आणून झालं, उजाडलं, गाव पांगलं, आणि तुम्ही त्याला हौदावर गाठलंत. तो बैलांना पाणी पाजत होता. तोंडावर अजून हळद होती. तुम्ही विचारलंत, तुमच्या अंगात खरंच देवी होती का. असं विचारतात का कुणाला? पण तो चिडला नाही. बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "तवा व्हती. आता बैलं हायेत."

परत येताना बैलगाडीत तुम्ही एकटेच हसत होतात. म्हणालात, शेठ, मला प्रबंधात एवढंच सांगायचंय, पण विद्यापीठाला त्याची चारशे पानं लागतात.

मग तुम्ही माझ्या मागं लागलात. ताडकळसच्या बाजाराला माझ्याबरोबर यायचं, माझ्याच गठ्ठ्यावर बसायचं आणि बघायचं. धंद्याच्या ऐन रंगात, मी गिऱ्हाईकाच्या हातातून घोंगडी ओढून घेतलेली, आणि तुम्ही मागून हळूच विचारणार, आता खरंच रागावलात का शेठ? गिऱ्हाईकाला हसू यायचं. मला हसू आलं की भाव गेला. एकदा तर मी तुम्हाला गठ्ठ्यावरून उठवून गाडीतळावर नेऊन बसवलं. तिथं तुम्हाला सखूबाई भेटली.

सखूबाई म्हणजे मला लोकर घालणारी धनगरीण. माझ्याशी भाव करताना न हरणारी ती एकटी. ती तुम्हाला म्हणाली, "मास्तर, ह्याच्या वरडण्याला भिऊ नगा. ह्यो वरडायलाय म्हंजी सौदा झालाच म्हणा. गप बसला तर मातर आपली मेंढरं घिऊन घरी जावं." तुम्ही ते मला येऊन सांगितलंत, तेही तिच्यासमोर. ती पदर तोंडाला लावून हसली आणि त्या दिवशी तिनं तिला हवा तोच भाव घेतला. दोघांनी मिळून लुटलंत मला.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तुम्ही बाजारावर लिहिलंत. अक्का सांगते, बाकीची प्रकरणं एकदोनदा लिहिलीत, हे मात्र पुन्हा पुन्हा लिहीत होतात. लिहायचं, फाडायचं, अंगणात फेऱ्या मारायच्या.

तोंडी परीक्षेला आपण दोघंच हैदराबादला गेलो. अक्कानं दशम्या बांधून दिल्या होत्या. तुम्ही आदल्या दिवसापासून काही खाल्लं नाही, मी तुमच्याही वाटच्या खाल्ल्या. तुम्ही आत गेलात, मी व्हरांड्यात खिडकीखाली बाकावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत नव्हतं. पण बाहेरगावहून आलेल्या परीक्षकाचा आवाज मोठा होता. त्यानं विचारलं, या बाजाराच्या प्रकरणाचा नाट्याशी संबंध काय?

तुम्ही उत्तर द्यायला लागलात आणि मी खिडकीला कान लावला. घोंगडी-व्यापारी, हातातून माल ओढून घेणं, घडी घालणं, पाठ फिरवणं, जोडे घालायला लावलेला वेळ. सगळं सांगितलंत. आणि मग म्हणालात, त्या माणसाला खरा राग आलेला नसतो... आणि आत एकदम हशा झाला. शिकल्यासवरल्या माणसांचा हशा. मी बाकावर बसलो होतो, माझे जोडे माझ्यापुढं होते आणि मला ते लपवावेसे वाटले.

तुम्ही पास झालात. बाहेर आलात ते हात पसरूनच आलात. मी हात मिळवला. गाडीत एक शब्द बोललो नाही. पूर्णा स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली, तुम्ही दोन चहा घेऊन आलात आणि तेव्हा विचारलंत, काय झालं.

मी सांगितलं. तुम्ही कपाळाला हात लावलात.

"'नसतोच असं नाही', असं म्हणालो मी. खरा राग आलेला नसतोच असं नाही."

"मी 'नसतो' ऐकलं."

"पुढचं हसण्यात गेलं, शेठ."

"मग हसणं थांबल्यावर पुन्हा म्हणायचं."

चहा निवला. त्याचं उत्तर तुम्ही कधी दिलं नाहीत दाजी, म्हणून तो मुद्दा अजून माझ्याकडं आहे. मी तो सोडलेला नाही.

एक मात्र कबूल करतो, की तुम्ही डॉक्टर झालात तेव्हा परभणीच्या बाजारपेठेत माझ्याइतकं मिरवलं कोणी नसेल. दाजी नाट्याचे डॉक्टर झाले, असं मी उधारीवाल्यालाही सांगत होतो. अक्काला बाया 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागल्या आणि लेकरांचा खोकला दाखवायला यायला लागल्या. ती त्यांना समजावत बसायची नाही. ओव्याचं पाणी सांगायची. खोकला जायचाही. तुमच्या पदवीचा आपल्या गल्लीला तेवढा तरी उपयोग झाला, असं मी म्हणायचो आणि तुम्ही सगळ्यांच्या वरताण हसायचात.

मग बांधलेला प्रबंध आला. मंदीच्या दिवसांत मी तो दुकानात नेऊन वाचला. सगळा वाचला. तुम्हाला वाटलं होतं मी शेवटचं प्रकरण तेवढं काढून वाचेन. झरीचा हौद वाचताना माझ्या डोळ्यांपुढं ती सकाळ उभी राहिली. मी तिथं होतो, तरी तुमच्याइतकं मी काही बघितलं नव्हतं. आणि मग शेवटच्या प्रकरणात ते वाक्य आलं. पाठ आहे मला. 'हा राग खरा की आणलेला, हे पाहणाऱ्यास सांगता येत नाही; त्या व्यापाऱ्यासही सांगता येईल असे वाटत नाही.'

मलाही सांगता येणार नाही? माझा राग, माझा घसा, थरथरणारे हात माझे, आणि मलाच ठाऊक नाही? शिवाय माझं नावही नाही. 'एक व्यापारी'. झरीच्या बैलांचा रंगसुद्धा लिहिलाय तुम्ही!

मी तसाच दुकान बंद करून तुमच्याकडं आलो. त्या दिवशी भांडलो, पुढच्या बाजारी भांडलो, दिवाळीच्या फराळावर भांडलो. अक्का म्हणायची, दुसरा विषयच न्हाई का तुमाला. नव्हता, खरंच. इतका चांगला विषय मला दुसऱ्या कोणी दिलाही नव्हता. माझ्याशी लोक भावावरून भांडतात. मी आतून कसा आहे यावरून भांडणारे तुम्ही एकटेच.

शेवटच्या आजारात मी रोज येत होतो. एकदा तुम्हाला जरा हुशारी वाटत होती, तेव्हा मी पुन्हा तेच काढलं. अक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ चावली. पण तुम्हाला बरं वाटलं. उशीला टेकून बसलात आणि म्हणालात, "शेठ, मी उठलो की ताडकळसला जाऊ. पुन्हा बघू आणि ठरवू." मी म्हणालो, ठरलं. तुम्ही उठला नाहीत.

आता परवाचं सांगतो.

तेरावं उरकलं, पाहुणे गेले, आणि तुमचे प्राध्यापक अक्काला भेटायला हैदराबादहून आले. भला माणूस. प्रवासानं दमले होते तरी आधी तुमच्या फोटोपुढं उभे राहिले. मग सतरंजीवर बसले. मांडीवर प्रबंधाचं बाड, फडक्यात गुंडाळलेलं. म्हणाले, ग्रंथ छापायचं नक्की झालंय, एक संस्था तयार आहे. अक्का आतल्या दाराशी बसली होती, तिनं डोळ्यांना पदर लावला. प्राध्यापक म्हणाले, फक्त शेवटचं प्रकरण वगळावं लागेल. संस्थेच्या लोकांना ते नाट्याचं वाटत नाही. आणि मग माझ्याकडं वळून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "तसं तुमच्याही दृष्टीनं बरंच आहे. ते तुमच्यावरच आहे ना? तुम्हाला त्याचं वाईट वाटलं होतं, असं ते मला म्हणाले होते."

दाजी, मला फुकटात मिळत होतं. ज्या वाक्यावरून मी तुमच्याशी एवढा भांडलो ते आपोआप पुसलं जात होतं, आणि मला एक शब्द खर्चायचा नव्हता. असा सौदा माझ्या जन्मात आला नाही. मी गप्प बसलो.

ग्रंथ छापायला निघालेल्या माणसाला अक्का तरी काय बोलणार? आणि मला तुम्ही दिसलात, अंगणात फेऱ्या मारणारे. फाडलेले कागद अक्का चुलीत घालायची ते दिसले. चारशे पानं विद्यापीठासाठी लिहिलीत आणि हे एक प्रकरण स्वतःसाठी. तेवढंच वगळून बाकीचं छापणार.

आता ओरडलं पाहिजे, हे मला कळलं. मी राग शोधला. अंधारात काडेपेटी चाचपावी तसा शोधला. कुठंच नव्हता. समोरचा म्हातारा भला होता, दमलेला होता, आधी तुमच्या फोटोपुढं उभा राहिला होता. अशा माणसावर कसं चिडणार? आणि चिडल्याशिवाय मला सौदा कुठं येतो?

मग मला तुमचं प्रकरण आठवलं. पाठच होतं. तुम्ही लिहिलंय तसं मी केलं.

आधी त्यांच्या मांडीवरचं बाड काढून घेतलं. मग फडक्याची घडी घातली, एकावर एक कोपरा, सावकाश. मग आवाज चढवला. म्हणालो, "शेपूट तोडून बैल इकायला निघालाव व्हय? आख्खा न्यायचा तर न्या, न्हाई तर ऱ्हाऊ द्या. आमच्या दाजीचा माल हाय." दुःखाच्या घरात एवढा आवाज, शेजारची दारं उघडली. प्राध्यापक गांगरून म्हणाले, निदान परिशिष्ट म्हणून बारीक टायपात घालू. मी परिशिष्टाला नाही म्हणालो. ते म्हणाले, मग तुमचं नाव तरी घालू का, 'एक व्यापारी'च्या जागी? बघा दाजी, मी इतके दिवस जे मागत होतो ते! मी म्हणालो, नको. लिहिलंय तसं. आणि बाड काखेत मारून दाराकडं निघालो.

दारात जोडे होते. जुने, सैल, पाय घातला की आत जाणारे. मी खाली बसलो आणि ते घालायला वेळ लावला. एवढा वेळ मी आयुष्यात कुठल्या जोड्याला दिला नसेल. मागून आवाज येत नव्हता. मला भीती वाटली. तुम्ही हे कुठं लिहिलं नाहीत, की पाठ फिरवलेल्या माणसाला हाक येईल की नाही ते ठाऊक नसतं.

"अहो शेठ, थांबा," प्राध्यापक म्हणाले. "ठेवू. आहे तसं ठेवू. मी संस्थेला सांगतो."

ते जेवून गेले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, आता ते प्रकरण मला पुन्हा वाचायला हवं.

अक्का ताटं आवरत होती. मला म्हणाली, "तुला आज राग आला नव्हता."

"तुला काय म्हाईत?"

"तुजे कान लाल झाले न्हाईत. त्या रजेच्या दिवशी घरी आलतास तवा पेटल्यावानी लाल व्हते." आणि ती हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली. हातातलं ताट खाली ठेवून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "जोडं घालतानी तर लय केलंस बाबा."

तेव्हा दाजी, माझं म्हणणं असं आहे. पाहणाऱ्याला सांगता येत नसेल, पण त्या व्यापाऱ्याला येतं. कचेरीतला राग खरा होता. ताडकळसच्या बाजारातलेही, सखूबाई काहीही म्हणो, बरेचसे खरे होते. आता मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण खोटा कसा लागतो ते मी बघितलं. तुमचं वाक्य चुकलेलं आहे आणि ते तसंच छापून येणार आहे. मीच छापायला लावलंय. लोक वाचतील, की परभणी भागात एक घोंगडी-व्यापारी रागाचं सोंग आणायचा. वाचू द्या. एकदाच आणलं, आणि ते तुमच्यासाठी.